प्रकरण अकरावे : धुऱ्याचं पोट

धुऱ्याला पोट सुटलं आहे, हे चंद्रभानला पहिल्यांदा दिसलं ते चैत्रात. आणि जेठ लागेपर्यंत ते पोट चांगलं सात महिन्यांच्या बाईएवढं झालं होतं.

धुरा म्हणजे दोन भावांच्या वावरांमधला हा मातीचा बांध. बावीस वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हा जैनुद्दीन मिस्त्रीनं दोरी ताणून त्याची रेघ आखून दिली होती. तेव्हापासून चंद्रभाननं त्यावर झाड म्हणून लावू दिलं नाही. गवत उगवलं तरी उपटून फेकायचा, कारण रेघ दिसली पाहिजे. आणि आता तीच रेघ बरोबर मधोमध फुगली होती. फुगली होती तीही चंद्रभानच्या वावरात. धाकट्या खुशालच्या बाजूला बोटभरसुद्धा नाही. माती काही आपल्या मनानं सरकत नसते, तिला सरकवणारा हात लागतो. आणि धुऱ्यापलीकडं हात एकाचाच होता, पाठच्या भावाचा.

चंद्रभानचं वय बाहत्तर. उजव्या डोळ्यात तरणेपणी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वाळलेलं खुंट गेलेलं, तेव्हापासून त्या डोळ्याला फक्त दिवस आणि रात्र एवढंच कळायचं. बाकी सगळा कारभार डाव्याचा. पण त्या एका डोळ्यावर त्यानं पेरणीच्या तिफणीमागं उभं राहून ओळींचे जे तास पाडले, ते पाहायला दोन डोळ्यांची माणसं यायची. गावातल्या कोणाच्याही वावरात पेरणीचा पहिला तास चंद्रभाननं पाडायचा आणि बाकीचे त्याच्या अंगानं न्यायचे, हा चाळीस वर्षांचा रिवाज होता. त्याच्याकडं सोनं नव्हतं, पद नव्हतं, शिक्षण चौथी नापास. सरळपणा होता. तो त्यानं सगळ्यांच्या डोक्यावर वरवंट्यासारखा ठेवला होता.

त्या साली वऱ्हाडात पाण्याचा दुष्काळ आणि पाहणाऱ्यांचा मोठा सुकाळ होता. समित्या येत, पथकं येत, दिल्लीवाले येत, मुंबईवाले येत. गाडीची काच खाली करत, वावर पाहत, काच वर करत, आणि विश्रामगृहावर जेवायला जात. त्यांना सगळं सरळ दिसायचं. एका चंद्रभानलाच वाकडं दिसत होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"उद्या जेसीबी आनतो," असं त्यानं भर चावडीवर जाहीर केलं. "धुऱ्याचं पोट फाडतो. मंग पाहू कोनाचं बाळ निंगते त्यातून."

जेसीबीच्या आधी जैनुद्दीन आला. त्याला कोणी बोलावलं हे चंद्रभानला कळलं नाही. बोलावणं दोन जावांचं होतं. त्याची बायको सुभद्रा आणि खुशालची बायको पार्बताबाई यांचं बोलणं नवऱ्यांनी महिनाभरापासून बंद केलं होतं. म्हणून त्या दोघी रोज विहिरीवर तासभर न बोलता बोलायच्या.

सकाळी सात वाजता सगळं कुटुंब धुऱ्यावर उभं होतं. चंद्रभानच्या मुलानं, नितेशनं मूर्तिजापूरहून जैनुद्दीनला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं होतं. दोरीचं बंडल, दोन खुंट्या आणि लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन म्हातारा उतरला तो फुगलेल्या तोंडानंच. मागच्याच महिन्यात त्यानं नितेशच्या नव्या खोलीची चौकट बसवली होती. चंद्रभाननं ती वाकडी म्हणून उखडायला लावली. दुसऱ्यांदा बसवली, पुन्हा उखडायला लावली. तिसऱ्यांदा जैनुद्दीननं आपला ओळंबा गुंडाळला आणि चहा न पिता निघून गेला.

"चंद्रभानभौ, चौकटीचं मी काई बोलत नाई," जैनुद्दीन म्हणाला. "चौकट गई भाड में. पर ये लाइन मेरी डाली हुई है. हिच्यावर बोट ठेवलं म्हंजे माह्या हातावर ठेवलं."

"तुह्या हातावर नाई ठेवलं बावा. तू सरळच टाकली होती. मंग ती रातच्याला पोटुशी राह्यली."

"कोनापासून, ते बी सांग ना!" पलीकडून खुशाल ओरडला. पासष्ट वर्षांचा माणूस, पण भावासमोर त्याचा आवाज अजून चिरकायचा. "सांग ना दादा! साऱ्या गावात सांगून राहिला, तोंडावर सांग!"

"तोंडावर सांगाले तू तोंड इकडं कर. महिना झाला, पाठ दाखवून हिंडून राहिला."

"पाठ दाखवू नाई तं काय करू? तोंड दाखवलं का तू शिव्या देते!"

"बाबा," मध्ये नितेश पडला. तो अमरावतीत शिकवणी वर्गात भूमिती शिकवायचा. वर्गाच्या बाहेर त्याचा हाताची घडी घातलेला फोटो होता, आणि त्या फोटोतला आत्मविश्वास घरी आला की कुठं जायचा कोण जाणे. "बाबा, दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. या टोकाला खुंटी, त्या टोकाला खुंटी. दोरी ताणली की विषय संपला."

"तुह्या क्लासात जात असंल सरळ. इथं मधात तुहा काका हाये."

पार्बताबाईनं पदर खोचला. "नवऱ्याचे मोठे भाऊ, भासरे म्हनून आजवर मान खाली घातली मी. पन आयकून घ्या. या माह्या मानसाले सोताच्या धोतराचा काष्टा सरळ बांधता येत नाई. हा माती कवा सरकवंल? अन् सरकवली असती तं दम लागून तिथंच नसता का बसला?"

"पाहा," सुभद्रा म्हणाली. "बायको इमानदार हाये."

"तू कोनाच्या बाजूनं हायेस?" चंद्रभान गरजला.

"धुऱ्याच्या," सुभद्रा म्हणाली.

तेव्हा चंद्रभाननं वाकून धुऱ्यावरची माती उचलली. हातात माती धरून बोललेला शब्द त्या घरात कोणी परत घेतलेला नव्हता. "दोरी टाकल्यावर हा धुरा सरळ निंगाला," तो म्हणाला, "तं मी तिफन सोडतो. आजपासून. पुन्हा तिच्या रुमन्याची मूठ धरनार नाई."

खुशालचा चेहरा उतरला. भांडण इतकं वाढेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण माती हातात घेतलेल्या माणसासमोर मागं कसं सरायचं? त्यानंही मूठ भरली. "अन् वाकडा निंगाला तं मी गाव सोडतो."

"जाऊन जानार कुठं?" पार्बताबाई पुटपुटली. "अकोल्याले एकटे गेले तं बसस्टँडवरून वापस येता."

जैनुद्दीननं सब्बलनं भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या. दोरी एका टोकाला बांधून तो चालत दुसऱ्या टोकाला गेला, पाय रोवून ताणली, बांधली आणि परत येऊन बोटानं छेडली. दोरी तारेसारखी वाजली. धुऱ्याच्या माथ्यावरून ती अशी गेली होती, की जणू धुरा तिच्यासाठीच घातला होता. नितेशनं पाहिलं. सुभद्रानं पाहिलं. पार्बताबाईनं पाहून कडाकडा बोटं मोडली. कोणाच्याही चेहऱ्यावर शंका राहिली नाही.

चंद्रभान खुंटीशी उकिडवा बसला. गाल जमिनीला टेकेल इतका वाकला आणि डाव्या डोळ्यानं त्यानं दोरीवरून नजर सोडली. नजर जात गेली, जात गेली, आणि मधात दोरी हळूच वळली, पोट काढून गेली आणि पुढं पुन्हा सरळ झाली.

तो उठला तेव्हा त्याचं तोंड आनंदानं फाटलं होतं.

"पाहा! आता तरी पाहा लेकहो! दोरी बी वाकडी!"

जैनुद्दीननं दोरी पुन्हा एकदा बोटानं छेडली.

"हा जैनुद्दीन बी मिळाला तुमाले! वाकडी दोरी आनली यानं!"

"चंद्रभानभौ," जैनुद्दीन अगदी हळू म्हणाला, "तानलेली दोरी वाकडी कशी राहीन?"

"ते मले काय माईत? बाजारात आजकाल काय काय भेटते!"

सून आरती इतका वेळ मागं उभी होती. अकोल्याच्या शिंप्याची पोर, बोलणं कमी आणि पाहणं जास्त. गेले दोन महिने सासरा पानातली भाकर सोडून पानाच्या बाजूला हात नेतो, हे तिनं पाहिलं होतं. पण सासऱ्याला सांगावं कसं? तिनं खाली पडलेली सब्बल उचलली आणि दोन्ही हातांत त्याच्यासमोर आडवी धरली.

"मामाजी, ही कशी हाये?"

चंद्रभाननं पाहिलं. "वाकली ते. कोनं वाकवली?"

"भाऊ," जैनुद्दीन म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजातला राग कुठच्या कुठं गेला होता, "ये सब्बल है. लोहा है. हाथी बैठा तो भी नहीं मुडेगी."

चंद्रभाननं सब्बल हिसकून घेतली. डोळ्यांपुढं तिला मधोमध बाक होता, चांगला विळ्यासारखा. त्यानं तिच्यावरून तळहात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा एकदा. पंचावन्न वर्षं रुमणं, वखर, कुऱ्हाडीचा दांडा धरलेला तो हात होता. तो कोणाच्या बापाचं ऐकत नव्हता. हात म्हणत होता सरळ. डोळा म्हणत होता वाकडी. दोघंही त्याचेच, आणि दोघं आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी भांडत होते.

सगळ्यांना काय झालं ते कळलं. आणि मग असं झालं, जे त्या घराण्यात कधी झालं नव्हतं.

"धुरा वाकडाच हाये!" खुशाल ओरडला. "म्याच सरकवला!"

"काय?" पार्बताबाई.

"हाव! म्याच सरकवला. चोरून. दादाचा डोळा चांगला हाये, काई झालं नाई त्याच्या डोळ्याले. म्या माती वढली, फावड्यानं. मी गाव सोडतो, जातो मी."

"कवा वढली?" पार्बताबाई किंचाळली. "तुमी रोज माह्या डोळ्यापुढं असता! फावडं तं दोन वर्षांपासून मोडलेलं हाये!"

"तू गप! हातानं वढली! मानसाले कबूल बी करू देत नाई ही बाई!"

"अन् दोरी?" चंद्रभाननं विचारलं. त्याचा हात अजून सब्बलीवरच होता. "दोरी बी तूच वाकवली? सब्बल बी?"

खुशालच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "वाकवली असंल," तो म्हणाला.

"खोटं नको बोलू बे," चंद्रभान म्हणाला. "तितकं डोकं नाई तुले."

त्यानं सब्बल जैनुद्दीनच्या हातात दिली आणि घराकडं निघाला. सरळच चालला होता. पण धुऱ्यावरून खाली उतरताना त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कोणी सांगितल्याशिवाय सुभद्राच्या खांद्यावर हात ठेवला.

*

जैनुद्दीनची नात अमरीन अमरावतीच्या एका दवाखान्यात डोळ्यांची डॉक्टर होती. म्हणून जैनुद्दीन सोबत आला. सुभद्रा आली. आरती आली, नितेश तिथंच होता. आणि खुशालला कोणी ये म्हटलं नसताना तो बसमध्ये मागच्या सीटवर बसलेला सापडला. बसस्टँडवरून दोन ऑटो करावे लागले. दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, "पेशंट कोण?" तर खुशालनं आधी आपला हात वर केला. घाबरला की त्याचं असंच व्हायचं.

डोळ्यात थेंब टाकले, बाहुली मोठी केली. चंद्रभानला उजेड टोचायला लागला. मग अमरीननं त्याच्या हातात एक कागद दिला. त्यावर काळ्या रेघांची बारीक चौकड होती, पोरांच्या गणिताच्या वहीसारखी, आणि मधात एक ठिपका.

"आबाजी, उजवा डोळा झाका. फक्त ठिपक्याकडं पाहा आणि सांगा, रेघा कशा दिसतात?"

चंद्रभान लोकांची वावरं ज्या तोंडानं पाहायचा, त्याच तोंडानं त्यानं कागद पाहिला.

"हे कोनं पेरलं?"

"छापलेलं आहे, आबाजी."

"मंग छापनारा दारू पेलेला असंल. कडंचे तास बरे हायेत. मधात येता येता बैल बिथरले. अन् या ठिपक्याच्या उजव्या अंगाले तीन-चार घरात दानाच नाई पडला, सपा मोकळं हाये."

अमरीन हसली नाही. तिनं पेन्सिल त्याच्या हातात दिली. "कुठं कुठं दाणा पडला नाही, ते दाखवा." त्यानं दाखवलं. तिनं ते जपून ठेवलं, जणू तलाठ्याचा उतारा.

मग मोठ्या यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्याच्या आतला फोटो काढला. पडद्यावर एक नारिंगी, गोल, शिरा-शिरांचं काहीतरी उमटलं.

"हे तं संत्रं हाये," चंद्रभान म्हणाला.

"शेंदूरजनाघाटचं," खुशालनं खात्रीनं सांगितलं. "आंबिया बहाराचं."

"हा तुमच्या डोळ्याचा मागचा भाग आहे, आबाजी. आणि हे पिवळे दाणे दिसतात? हे वयाचे." अमरीननं खुर्ची जवळ ओढली. "डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आतून एक पडदा असतो, त्यानंच आपण पाहतो. त्याच्यामागं एक थर असतो. तो या पडद्याला खाऊ घालतो आणि त्याचं उष्टं-खरकटं उचलून नेतो. तरुणपणी रोजच्या रोज उचलतो. म्हातारपणी थकतो. मग खरकटं जागीच साचत जातं, ते हे दाणे. खूप म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत असतात, बिचारे गुपचूप पडून राहतात. तुमच्या डोळ्यात मात्र त्यांच्याखालून नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात. कच्च्या आहेत, गळतात. पाणी पाझरतं आणि पडदा जागच्या जागी वर उचलला जातो. जिथं उचलला, तिथं सरळ रेघ वाकडी दिसते."

"प्लास्टर फुगलं!" जैनुद्दीन उभाच राहिला.

"बरोबर, दादाजान. भिंत सरळ आहे. ओल आली, प्लास्टर फुगलं, वरची नक्षी वाकडी झाली."

"चौकट मेरी सीधी थी," जैनुद्दीन खोलीतल्या प्रत्येकाकडं पाहून म्हणाला. "सबने सुना? दोन्ही वेळा सीधी थी."

चंद्रभाननं त्या संत्र्याकडं बोट केलं. "म्हंजे साऱ्या वऱ्हाडात पान्याचा टिपूस नाई," तो म्हणाला, "अन् ओल लागली ते माह्या डोळ्याले."

"हळू बोला," सुभद्रा म्हणाली. "कोनी आयकलं तं पाहनीले समिती येईल."

आरतीला हसू फुटलं, मग नितेशला. चंद्रभाननं मात्र हसणं अर्ध्यावर थांबवलं. "काई केलं नाई तं?"

अमरीननं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "कडेकडेचं दिसत राहील. घरात चालाल, फिराल, कोणाला धडकणार नाही. पण मधलं जाईल. माणूस आला हे दिसेल, त्याचं तोंड दिसणार नाही. आणि तुमचा हा एकच डोळा आहे. मला वाट पाहायची नाही, आबाजी. याच आठवड्यात डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. मग महिन्या-महिन्यानं आणखी दोन."

"डोळ्यात?" खुशालनं विचारलं. "म्हंजे डोळ्याच्या बाजूनं? दंडावर?"

"डोळ्यात. पांढऱ्या भागातून. बारीक सुई असते."

मागं धप्प असा आवाज झाला. खुशाल खुर्चीवरून खाली सरकला होता. परिचारिका धावली, नितेशनं पाणी मारलं, जैनुद्दीननं कांदा मागितला. आणि दवाखान्यात कांदा कुठून येणार, यावर दोन मिनिटं चर्चा झाली. पाच मिनिटांनी खुशालनं डोळे उघडले आणि विचारलं, "दिली का सुई? झाली का दादाची?"

"तुमचीच चालू हाये अजून," सुभद्रा म्हणाली.

चंद्रभाननं भावाकडं पाहिलं. खुशालचं नाक आताच थोडं गालाकडं सरकलेलं दिसत होतं, आणि एक भुवई अर्धी गेली होती. नाही म्हटलं तरी पासष्ट वर्षं ते तोंड त्यानं पाहिलं होतं. शिव्या देण्यासाठी का होईना, रोज पाहिलं होतं.

"मृग आठ दिवसांवर आला पोरी," धुऱ्यावर माती हातात घेऊन दिलेला शब्द विसरून तो अमरीनला म्हणाला. "पेरनी झाली का येतो."

"नाही."

"पहिला तास पाडून येतो. सारं गाव वाट पाहते."

"आबाजी, सुईनंतर धूळ नको, वाकणं नको, वजन उचलणं नको."

"पेरनी दरसाल येते," सुभद्रा म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, म्हणूनच तो सगळ्यांनी ऐकला. "डोळे काई दरसाल उगवत नाईत. एक पऱ्हाटीनं नेला, तवा बी तुमी म्हटलं होतं, आधी वेचनी होऊ दे मंग दाखवतो. दाखवला का? चाळीस वर्षं तुमच्या सरळपनापायी साऱ्या घरानं कंबरडं मोडून घेतलं. आता दोन महिने वाकडे ऱ्हा."

चाळीस वर्षांत ती इतकं एकदम कधी बोलली नव्हती. चंद्रभाननं मदतीसाठी नितेशकडं पाहिलं. नितेश पंख्याकडं पाहत होता. आरतीकडं पाहिलं, ती सासूजवळ सरकून उभी होती. जैनुद्दीनचं तर विचारायलाच नको.

"वाक जाईल का पुरा?" त्यानं शेवटी अमरीनला विचारलं.

"कमी होईल. किती, ते आज सांगणार नाही. थकलेला थर तरुण करायचं औषध माझ्याकडं नाही. खोटं सांगून मी सुई टोचणार नाही."

हे चंद्रभानला पटलं. इतक्या वर्षांत बी विकणाऱ्यानं, औषध विकणाऱ्यानं, मत मागणाऱ्यानं, कोणीच त्याला असं उत्तर दिलं नव्हतं. सगळ्यांनी वाटेल ते कबूल केलं होतं.

"टोच," तो म्हणाला. "पन या खुशालले आधी बाहेर काढ."

*

मृगाचा पाऊस आठ दिवस उशिरा आला, पण आला. सुईनंतरचा तेरावा दिवस. जमीन वाफशाला आली, आणि गावातल्या प्रत्येक वावरात तिफणी निघाल्या. चंद्रभानच्या वावरात मात्र कोणी नव्हतं; डॉक्टरची मनाई होती आणि धुऱ्यावर दिलेला मातीचा शब्दही. नितेशनं फोनवरून ट्रॅक्टरची गोष्ट काढली होती. चंद्रभाननं फोन सुभद्राच्या हातात देऊन टाकला होता. खुशालला म्हणावं, तर ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. महिनाभर चोर म्हटलेल्या भावाला कोणत्या तोंडानं म्हणायचं, माझं वावर पेरून दे?

सकाळी तो धुऱ्यावर जाऊन बसला. डोळ्यावर दवाखान्यातला काळा चष्मा, तोंडाला दुपट्टा. धुळीला बंदी होती, म्हणून सुभद्रानं त्याला वाऱ्याच्या उलट बाजूला बसवलं होतं.

थोड्या वेळानं पलीकडून घुंगरांचा आवाज आला. खुशाल आपले बैल आणि तिफण घेऊन धुरा ओलांडत होता. मागं पार्बताबाई डोक्यावर सोयाबीनच्या बियाण्याची टोपली घेऊन.

"बोलावलं कोनं?" चंद्रभाननं विचारलं.

"कोनीच नाई," खुशाल म्हणाला. त्याची नजर खाली होती.

"तुह्यं सोताचं पेरलं का?"

"मंग पेरतो."

आधी आपलं सोडून दुसऱ्याचं कोणी पेरत नाही. चंद्रभाननं दुपट्टा नीट केला.

सुभद्रानं तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या वाटीवर हात धरला आणि ती मुठीतलं बी तिन्ही नळ्यांत सोडायला लागली. खुशालनं रुमणं धरलं. वावरातला पहिला तास पाडण्याची वेळ त्याच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. तो नेहमी दादाच्या तासाच्या अंगानं जायचा. आणि आता पाठीमागं धुऱ्यावर दादा बसलेला. बैल निघाले. निम्म्यापर्यंत बरं चाललं. निम्म्यावर खुशालनं मागं वळून भावाकडं पाहिलं, रुमण्यावरचा दाब एका हाताला गेला, तिफण सरकली. सुभद्रा "धरा, धरा!" म्हणेपर्यंत तास चांगला हातभर बाहेर फाकला, आणि पुढं जाऊन परत जागेवर आला.

वावराच्या टोकाला खुशाल थांबला. बैल फिरवायचं त्याच्या लक्षात आलं नाही. पार्बताबाईनं कपाळावर हात मारला.

चंद्रभाननं पाहिलं.

तेरा दिवसांत त्याला आपला वाक कळायला लागला होता, जसा खोडकर बैल कळतो. सुईनं तो बराच ओसरला होता. उरला होता तो नेहमी नजरेच्या मधोमध असायचा. नजर हलवली की तोही हलायचा, पाळलेल्या कुत्र्यासारखा जिथं पाहील तिथं मागं यायचा. म्हणून चंद्रभाननं नजर तासाच्या त्या टोकाला नेली. मग या टोकाला आणली. मग वर नितळ आभाळाकडं, आणि पुन्हा खाली.

हा वाक हलत नव्हता. हा जमिनीवरचा होता. बियाण्यासकट पेरलेला.

खुशाल चालत चालत धुऱ्यापर्यंत आला. समोर उभा राहिला, खांदे पाडून, लहानपणी पाटी फुटल्यावर उभा राहायचा तसा. दोन्ही जावा कामं टाकून थांबल्या. त्या दोघींनी मनातल्या मनात सगळ्या शिव्या आधीच ऐकून घेतल्या होत्या.

"सरळ हाये," चंद्रभान म्हणाला.

खुशालला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"सरळ हाये, म्हनलं. चांगला पाडला. आता दुसरा धर त्याच्या अंगानं."

"दादा, वाकडा हाये."

"मले सरळ दिसते."

"वाकडा हाये!" खुशालचा आवाज चिरकला. "हातभर वाकडा हाये! मधात पाह ना, त्या मधात! आंधळ्याले दिसंल! तू शिव्या काहून नाई देऊन राहिला? साठ वर्षं दिल्या, आजच काहून जीभ मेली? दे ना! गाढवा म्हन, आळशा म्हन, तुह्या हाताले किडे पडो म्हन!"

"अबे, माहा डोळा खराब हाये," चंद्रभान म्हणाला. "डॉक्टरनं लिहून देल्लं. मी काय करू?"

खुशालनं त्याच्या काळ्या चष्म्याकडं पाहिलं. चष्म्याच्या काचेत त्याला आपलंच तोंड दिसत होतं. मग तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत वळला, तरातरा बैलांकडं गेला, आणि भावानं न दिलेल्या सगळ्या शिव्या त्यानं एकामागून एक बैलांना घातल्या.

पहिला तास जसा जातो, तसे बाकीचे जातात. संध्याकाळपर्यंत सारं वावर त्याच पोटानं पेरलं गेलं. आठवड्यानं सोयाबीन उगवलं, तेव्हा येणारा-जाणारा रस्त्यावर थांबून पाहू लागला. कोणी विचारलं, तर चंद्रभान चष्मा काढून, एकच डोळा त्याच्यावर रोखून म्हणायचा, "काहून? तुले वाकडं दिसते का? अमरावतीले दाखवून ये."